जुन्या वाद्यांचे इमान

गेलेल्या माणसाशी इमान राखायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. वडिलांचा शब्द जसाच्या तसा पाळणारा मुलगा आज्ञाधारक खरा. पण वडील आज असते तर त्यांनी काय केले असते, असा विचार करून वागणाऱ्या मुलाची पितृभक्ती उणी म्हणावी काय? कचेरीत नियमाचा शब्द आणि नियमाचा हेतू यांत तंटा उभा राहिला म्हणजे आम्ही नित्य याच पेचात सापडतो. त्याचा थोडासा उलगडा आम्हांला एका अनपेक्षित ठिकाणी, व्हिएन्ना शहरातील एका वादकवृंदाच्या हकिगतीत, झाला.

सन १९५३ मध्ये निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी 'कॉन्सेंटुस म्युझिकुस' या वृंदाची स्थापना केली. हार्नोनकोर्ट हे तेथील सिंफनी वाद्यवृंदात चेलो वाजवून आपला चरितार्थ चालवीत. सोबतचे काही वादकही त्याच नोकरीतले. नोकरीतून उरलेल्या वेळी ही मंडळी जुनी वाद्ये घेऊन बसत आणि युरोपातील प्रबोधनकालीन व त्यानंतरच्या बरोक काळातील संगीत, म्हणजे स्थूलमानाने १७५० मध्ये बाख निवर्तला तोपर्यंतचे संगीत, त्या त्या काळच्या वाद्यांवर वाजवून पाहत. त्यांची पहिली जाहीर मैफल १९५७ मध्ये झाली. मधली चार वर्षे श्रोते नाहीत, टाळ्या नाहीत. नुसता शोध आणि सराव!

जुन्या वाद्यांत एवढे होते तरी काय? व्हायोलिनला पोलादी तारांऐवजी आतड्यापासून वळलेल्या तारा. हवा जरा दमट झाली की त्या उतरल्याच म्हणून समजावे. गजाचा बाक वेगळा, त्यामुळे स्वर लांबवर एकसारखा ताणता येत नाही. तुतारीला कळा नाहीत. सारा भार ओठांवर आणि श्वासावर. 'व्हिओला दा गांबा' हे वाद्य गुडघ्यांत धरायचे, त्याच्या दांडीवर सतारीप्रमाणे पडदे. पण त्याचा आवाज आजच्या भव्य सभागृहात हरवून जाईल इतका नाजूक. हे सारे मागे टाकून माणसाने अधिक दमदार, अधिक सोयीची वाद्ये घडविली. मग मागे जाण्याचा हा खटाटोप कशासाठी?

यावर विचारी माणसांचे आक्षेप आहेत आणि ते दुबळे नाहीत. आज असे वृंद बहुधा सेकंदाला ४१५ कंपनांचा स्वर प्रमाण धरतात. परंतु अठराव्या शतकात हा स्वर गावोगावी निराळा होता. ४१५ हा आकडा आजच्या सोयीचा तोडगा आहे. १७३७ मध्ये दिवंगत झालेल्या स्त्रादिव्हारी या थोर कारागिराची व्हायोलिने घ्यावीत, तर त्यांतील बहुतेकांच्या माना एकोणिसाव्या शतकात बदलल्या गेल्या. आणि वाद्य अस्सल मिळाले तरी त्या काळचे कान कोठून आणावयाचे? रिचर्ड तारुस्किन या अमेरिकन अभ्यासकाने तर असे प्रतिपादन केले, की ज्याला हे लोक अस्सलपणा म्हणतात ती वस्तुतः विसाव्या शतकाचीच अभिरुची आहे.

याहून कठीण प्रश्न निराळाच आहे. हेंडेलच्या १७२४ मधील 'ज्युलिओ चेझारे' या संगीतिकेतील नायकाची भूमिका सेनेसिनो या गायकाने केली. हा गायक 'कास्त्रातो' होता. म्हणजे आवाज फुटू नये म्हणून बालपणीच ज्यांना शस्त्राने पौरुषहीन केले जाई, अशांपैकी एक. इमान म्हणजे तंतोतंत पुनरावृत्ती असे मानले तर येथे काय करावयाचे? आज ती भूमिका स्त्रिया गातात किंवा वरच्या पट्टीत गाणारे पुरुष गातात आणि त्याबद्दल कोणी हेंडेलशी बेइमानी केली असे म्हणत नाही. भूतकाळाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. नव्हे, प्रसंगी ते कर्तव्यच आहे.

मग इमान उरले कोठे? आम्हांला वाटते, ते उरले त्या हट्टी वाद्यात. नवे वाद्य वादकाच्या इच्छेपुढे सहज वाकते. जुने वाद्य त्याला अडविते. लांब स्वर काढू जावे तर गज नकार देतो, आणि वादकाला थांबून विचारावे लागते की हे संगीत लांब स्वरांचे नसेलच तर? हार्नोनकोर्टांचे म्हणणे असे की बरोक संगीत हे एक प्रकारचे भाषण आहे. त्यात शब्दांसारखे जोर आहेत, विराम आहेत. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच हा विचार आहे. गतकाळाला आपली चूक दाखवू देणे, हेच त्याच्याशी इमान. जो स्वतःला दुरुस्त करून घेण्यास तयार नाही तो पूर्वजांची पूजा करील, त्यांचे ऐकणार मात्र नाही.

परमुलखात नोकरीसाठी राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना हा विचार जवळचा वाटावा. आम्ही आजीच्या ओव्या वहीत उतरवून घेतो आणि मुलांकडून पाठ करवून घेतो. पण ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याने घडविली होती. खुंटा ओढताना दम कोठे घ्यावा हे हातच सांगे. पहाटे उठून दळण्याचे ते कष्ट आमच्या लेकीसुनांच्या नशिबी पुन्हा यावेत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु मुलीला एकदा जात्यापाशी बसवून चार फेरे ओढू द्यावेत. ओवी तेथे का थांबते, हे तिला वहीपेक्षा जाते अधिक चांगले सांगेल. पुढे ती ओवी कशी गायची ते तिचे तिने ठरवावे. तेवढे स्वातंत्र्य आजीनेही तिला आनंदाने दिले असते.