उशीर झालेले धर्मोपदेशक

अमेरिकेतल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला सामाजिक मानसशास्त्राच्या प्रकरणात एक प्रयोग बहुधा भेटतोच. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात, म्हणजे जिथे ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवले जातात तिथे, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी तो केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एका इमारतीत बोलावायचे, काही प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि छोटेसे भाषण ध्वनिमुद्रित करायला शेजारच्या इमारतीत धाडायचे. निम्म्यांच्या वाट्याला भाषणासाठी बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आली, बाकीच्यांना धर्मोपदेशकाच्या नोकरीबद्दल बोलायचे होते. निघताना कुणाला सांगितले, अजून वेळ आहे, सावकाश जा; कुणाला, तयारी झाली आहे, निघा; आणि कुणाला, तुम्हाला उशीर झालाय, तिकडे केव्हाची वाट बघताहेत. दोन इमारतींमधल्या बोळात एका दारात एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून बसवलेला होता. विद्यार्थी जवळ आला की तो खोकायचा, कण्हायचा. चाळीसपैकी सोळा जणांनी त्याची काही ना काही दखल घेतली. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के, मधल्या गटातले ४५ टक्के, आणि घाईतल्या दहांपैकी फक्त एक. शोमरोन्याच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले, अशी नोंद संशोधकांनी केली आहे.

हे वाचून वर्गात हशा पिकतो, आणि पिकावा असेच ते आहे. पण हशा ओसरला की जो प्रश्न उरतो तो मानसशास्त्राचा कमी आणि धर्माचा जास्त. माणसाला चांगले करायचे म्हणून धर्म त्याला शिकवतो, गोष्टी सांगतो, त्याचा स्वभाव घडवू पाहतो. तो स्वभाव काही मिनिटांच्या उशिरापुढे टिकत नसेल, तर शिकवण्याला अर्थ काय? गिल्बर्ट हार्मन यांच्यासारख्या तत्त्वचिंतकाने अशा प्रयोगांच्या आधाराने थेट असे म्हटले, की आपण ज्याला स्वभाव म्हणतो तशी वस्तू बहुधा नसतेच. जॉन डोरिस यांनी २००२ साली याच विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी इतक्या खोलात जात नाही. ‘सगळे परिस्थितीवर असते’ एवढे वाक्य घेऊन तो परीक्षेला बसतो. हे वाक्य निम्मे खरे आहे. या प्रयोगांनी प्रवचनाची ताकद किती तोकडी असते ते दाखवले, यात शंका नाही. धर्माचे दुसरे अंग मात्र, म्हणजे नेम, संगत आणि वेळेची शिस्त, त्यांनी उलट पक्के केले आणि माणसाची जबाबदारी आहे तिथेच ठेवली. फक्त ती कोणत्या घटकेला सुरू होते, याबद्दलची आपली समजूत त्यांनी बदलायला लावली.

आधी ती मूळ गोष्टच पाहू. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूच्या बाजूने पहिल्यांदा याजक जातो, मग लेवी जातो, आणि थांबतो तो ज्याला यहुदी लोक परका मानत असा शोमरोनी. संशोधकांनी आपले गृहीतक इथूनच उचलले होते: मंदिराच्या सेवेतली ही दोन मोठी माणसे, डोक्यात धर्माचे विचार आणि पुढे ठरलेल्या भेटीगाठी, तेव्हा ती घाईत असणार. म्हणजे प्रयोगशाळेने धर्मग्रंथाला खोटे पाडले असे काही घडले नाही. ग्रंथाने सुचवलेली शक्यता प्रयोगाने तपासली. आपल्याकडे संत एकनाथांची गोष्ट आहे. काशीहून रामेश्वराला वाहायला कावडीतून आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. कीर्तनात ही गोष्ट रंगते ती गाढवामुळे आणि करुणेमुळे. पण त्या यात्रेचा पल्ला, बरोबरच्या मंडळींची निघण्याची घाई, खांद्यावरच्या कावडीचे पावित्र्य, हे सगळे थांबण्याच्या विरोधात होते, हे कथेकरी क्वचितच उलगडून सांगतात. दोन्ही कथांत अडसर धर्मकार्याचाच आहे. प्रिन्स्टनच्या त्या विद्यार्थ्यांचेही तसेच. पुढच्या इमारतीत कुणीतरी त्यांच्यावर विसंबून थांबले होते. बोळातून पुढे आल्यावर, न थांबलेल्यांपैकी काही जण अस्वस्थ दिसले, असे संशोधक लिहितात. त्यांचे मन निबर होते म्हणून ते पुढे गेले, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. दोन माणसांना एकाच वेळी शब्द दिल्यासारखी त्यांची ओढाताण झाली होती. शिवाय घाईत नजर आखडते. काहींच्या लक्षात तो माणूस आला, पण तो संकटात आहे हे तेव्हा उमगलेच नाही.

हे मान्य केले तर दोष कुठे ठेवायचा? त्या बोळात ठेवता येत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत निम्मा निर्णय झालेला होता. तो त्याआधी ठेवावा लागतो: आपला दिवस आपण कसा बांधतो, कुणाच्या संगतीत राहतो, कुणाच्या शब्दाला किती मान देतो, इथे. स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनी येल विद्यापीठात १९६१ साली सुरू केलेल्या प्रयोगांची हीच बाजू वर्गात निसटते. चाळीसपैकी सव्वीस जणांनी वरून हुकूम येतोय म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत विजेचे धक्के दिले, निदान तसे समजून बटणे दाबली, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण मिल्ग्रॅम यांनी याच प्रयोगाची बरीच रूपे करून पाहिली होती. हुकूम देणारा खोलीतून निघून फोनवरून बोलू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे जेमतेम वीस टक्के उरले. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून उठून जायचे ठरवलेले होते, तेव्हा चाळीसपैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. परिस्थिती माणसाला खाली ओढते तशी वरही नेते. वारकऱ्याने गळ्यात माळ घातली, दिंडीत नाव दिले, एकादशी धरली, की त्याने प्रसंग येण्याआधीच स्वतःभोवतीची परिस्थिती बदललेली असते. सत्संगाचा आग्रह धरणाऱ्या संतांना मिल्ग्रॅमचे आकडे ऐकून फारसे नवल वाटले नसते.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्याच बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. चाळीस विद्यार्थ्यांवरून मानवी स्वभावाचा निवाडा कसा करायचा? २०१५ साली संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा चाळीस टक्क्यांहून कमी अभ्यासांचे निष्कर्ष टिकले. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली दोनशेहून जास्त भांडणे तपासली, तर दर दहांपैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी कुणीतरी मध्ये पडले होते. माणूस पाठ्यपुस्तकात दिसतो तितका निर्ढावलेला नाही. प्रिन्स्टनच्या प्रयोगातही शोमरोन्यावर बोलणाऱ्यांतले ५३ टक्के थांबले आणि नोकरीवर बोलणाऱ्यांतले २९ टक्के. इतक्या थोड्या माणसांत हा फरक योगायोगाचा असू शकतो, म्हणून विषयाचा परिणाम झाला नाही असे लिहिले गेले. पण ‘सिद्ध झाला नाही’ आणि ‘नाहीच’ यांत अंतर आहे, हे अँथनी ग्रीनवाल्ड यांनी १९७५ सालीच दाखवून दिले. तेव्हा प्रवचनाला मी वर तोकडे म्हटले, निरुपयोगी म्हटलेले नाही. घाईचा परिणाम मात्र यापेक्षा कितीतरी ठळक होता, आणि माझा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

दुसरा आक्षेप नीतीच्या बाजूचा. परिस्थितीला इतके महत्त्व दिले तर प्रत्येक गुन्हेगार हात वर करील: मी काय करणार, वरून हुकूम होता, वेळ नव्हता. ही भीती रास्त आहे, पण परिस्थिती मोहात पाडते हे ज्याला कळले त्याला तिची सबब सांगण्याचा हक्क कमीच उरतो. आपण कधी घसरतो हे माहीत असूनही जो तिकडेच पाऊल टाकतो, त्याचा दोष अजाण माणसापेक्षा मोठा. खरी अडचण निराळी आहे: हे कळलेले अंगी लागत नाही. मिशिगन विद्यापीठात रिचर्ड निस्बेट आणि यूजीन बोर्गिडा यांनी विद्यार्थ्यांना एका अशाच प्रयोगाचे निष्कर्ष शिकवले आणि मग दोन साध्यासुध्या, सज्जन वाटणाऱ्या माणसांच्या मुलाखती दाखवून विचारले, यांनी मदत केली असेल का? निष्कर्ष शिकलेले आणि न शिकलेले, दोघांची उत्तरे जवळपास सारखीच आली. आकडा पाठ झाला, पण समोरच्या माणसाला तो कुणी लावला नाही. स्वतःला तर दूरच. उलट आर्थर बीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोक मदतीला का धावत नाहीत हे शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के दोन आठवड्यांनंतर अडचणीतल्या माणसासाठी थांबले, तर न शिकलेल्यांपैकी २५ टक्के. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना धरून वाचावेत. ज्ञानाने आचरण आपोआप येत नाही, ही दुर्योधनाच्या तोंडी घातलेली कबुली खरीच. पण ज्ञान वायाच जाते असेही नाही.

म्हणून मानसशास्त्र शिकवणाऱ्यांना, आपल्याकडे एफ.वाय.बी.ए.ला शिकवणाऱ्यांनाही, एक विनंती करावीशी वाटते. प्रिन्स्टनचा प्रयोग शिकवून झाला की ‘तुम्ही थांबला असता का’ असे मुलांना विचारू नये. सगळे हो म्हणतील. ‘उशीर झालाय, निघा’ हे वाक्य बोलणाऱ्याबद्दल विचारावे. मुलांपैकी बरेच जण उद्या कुणाचे तरी वरिष्ठ होतील, कुणाचे वेळापत्रक लावतील, रुग्णालयात परिचारिकांच्या पाळ्या ठरवतील, माल पोचवणाऱ्या पोरांना मिनिटे मोजून देतील. आपल्या हाताखालच्या माणसाला वाटेत थांबता येईल इतका वेळ आपण ठेवला का, हा धर्माचा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाच्याही अभ्यासक्रमात अजून नाही.