व्हाया व्हिक्टोरिया

अप्पांची सारी नोकरी चिपळूणच्या एसटी स्टँडवर गेली. ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीशी येऊन कुणी “पुण्याची गाडी कधी?” असं विचारलं, की वेळ सांगायच्या आधी ते विचारत, “उतरायचंय कुठं?” कारण पुण्याची पाटी लावलेली एक गाडी कुंभार्ली घाट चढून कराड-साताऱ्यावरून जायची आणि दुसरी महाडकडे वळून वरंध घाटाने भोरला निघायची. लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला निघालेली बाई चुकून या दुसऱ्या गाडीत बसली, तर तिची रात्र भोरच्या स्टँडवर जाणार. “पाटी मागाहून वाचा, आधी व्हाया वाचा,” हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. घरात त्याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की ते कुणाच्या कानांत शिरत नसे.

त्यांचा थोरला, शेखर, सिॲटलजवळ रेडमंडला असतो. धाकटी माधवी तिथून गाडीने तीनेक तासांवर, पण सीमेपलीकडे, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत. एप्रिलच्या अखेरीस अप्पा आणि माई शेखरकडे आले आणि दोघा भावंडांनी एकाच वेळी मनात घेतलं, की यंदा यांना अलास्काची क्रूझ घडवायची. तिकडच्या मराठी घरांत ही सहल आता बरीच रुळली आहे. त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. रोज बॅगा भरायच्या नाहीत, रोज नवं हॉटेल शोधायचं नाही, गुडघे दुखले तर खोलीच्या खिडकीतून डोंगर बघत बसता येतं. वय झालेल्या माणसांना इतका सोयीचा प्रवास दुसरा क्वचितच असेल.

शेखरने जहाज निवडूनही टाकलं होतं. सिॲटलहून सुटणारं, अगदी नवं, पाण्याच्या घसरगुंड्या आणि मुलांसाठी खेळांचा अख्खा मजला असलेलं. धक्का घरापासून अर्ध्या तासावर, कॅनडाच्या सीमेची कटकट नाही. भाड्यात घसघशीत सवलत होती, पण ती त्याच दिवशी मध्यरात्री संपणार होती आणि भरलेली अनामत परत मिळणार नव्हती. माधवीचं म्हणणं वेगळं होतं. तिला व्हँकुव्हरहून सुटणारं, थोडं जुनं, लहान आणि शांत जहाज हवं होतं. त्या निमित्ताने आईवडील आठ दिवस तिच्याकडे राहिले असते, हेही तिच्या मनात होतं. दोघंही अप्पा-माईंसाठी भांडत होती आणि दोघांच्याही बोलण्यात आपापली सोय मिसळलेली होती. त्यात वाईट काही नाही, घर चालवणाऱ्याला सोय बघावीच लागते. मात्र एवढ्या चर्चेत माईंना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर शेखर लॅपटॉप घेऊन बसला. कार्डाचा नंबर भरून झाला होता. अप्पा शेजारी येऊन बसले.

“वेळापत्रक दाखव बघू.”

“अप्पा, सात दिवसांची आहे. सिॲटलहून सुटते, सिॲटललाच परत.”

“ती पाटी झाली. मधे कुठं कुठं थांबते?”

शेखरने पान उघडलं. केचिकन, जुनो, स्कॅगवे. अप्पांनी एकेका गावाची पोचायची आणि सुटायची वेळ बोट ठेवून वाचली. शेवटच्या रात्री बोट थांबलं. व्हिक्टोरिया, आठ ते बारा.

“हे कुठं आलं?”

“कॅनडात. चारच तास आहे, तेही रात्री.”

“मग आम्हाला कॅनडाचा व्हिसा नको?”

शेखर हसला. “आपण उतरायचंच नाही तिथं. बोटीवरच बसून राहू.”

“कंडक्टरला विचारलंस का?” अप्पांनी अगदी साधेपणाने विचारलं.

शेखर, त्याची बायको अनघा आणि मुलं दरवर्षी दोनदा तरी माधवीकडे जातात. त्या दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, मुलं अमेरिकेत जन्मलेली. कॅनडाच्या सीमेवर त्यांना कधी व्हिसा लागला नव्हता. ज्याला कागद लागत नाही, त्याला तो आठवतही नाही. यात निष्काळजीपणा म्हणावा असंही काही नसतं, माणूस आपल्याच खिशातल्या पासपोर्टवरून जग मोजतो. भारतीय पासपोर्टवर आणि अमेरिकेच्या पाहुणा व्हिसावर आलेल्या आईवडिलांची गोष्ट निराळी आहे, हे त्या घरात त्या रात्री पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं.

शेखरने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की जहाज कॅनडाच्या बंदराला लागणार असेल तर प्रवासी उतरो न उतरो, व्हिसा लागतो. कागद सिॲटलच्या धक्क्यावर, जहाजात चढतानाच तपासले जातात. नसतील तर चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

“पण मग तिथं थांबतातच कशाला चार तास? रात्री आठला काय बघायचंय?” अनघा वैतागून म्हणाली.

याचं उत्तर १८८६ सालात आहे. अमेरिकेने त्या वर्षी केलेल्या कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये प्रवासी वाहता येत नाहीत. बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ जहाजांवर बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स असे झेंडे असतात. अशा जहाजाला सिॲटलहून निघून अलास्का फिरवून पुन्हा सिॲटलला यायचं, तर वाटेत एका परदेशी बंदराला पाय लावावाच लागतो. म्हणून व्हिक्टोरिया. करोनात कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा २०२१ साली अमेरिकेच्या संसदेला खास तात्पुरता कायदा करून ही अट बाजूला ठेवावी लागली, तेव्हा कुठे अलास्काचा हंगाम सुरू झाला. नंतर अट पुन्हा लागू झाली. ज्या थांब्याकडे प्रवासी ढुंकून बघत नाहीत, त्या थांब्यावर अख्खी सहल उभी असते.

बारा वाजले. सवलत गेली. शेखर चिडला होता, आणि ते स्वाभाविक होतं. पण एक गोष्ट आपोआप उलगडली. व्हिसा दोन्हीकडे लागणारच होता, त्यामुळे “सिॲटल म्हणजे कॅनडाची कटकट नाही” हा त्याचा मोठा मुद्दा राहिलाच नाही. आता बंदर खऱ्या अर्थाने निवडता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी माई ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. अप्पांनी मुद्दाम शेखरसमोर विचारलं, “तुला काय बघायचंय गं तिकडं?”

माईंनी काड्या बाजूला केल्या, पानं वाटीत टाकली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बर्फाचा कडा समुद्रात कोसळतो म्हणतात ना, तो बघायचाय. बाकी तुम्ही न्याल तिकडं येईन. पण मला बोट लागते रे. लहानपणी दाभोळहून आगबोटीनं मुंबईला गेलो होतो, भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत पोटात पाणी ठरलं नाही. वडील सारा वेळ माझ्याजवळ बसून होते. तेवढी भीती आहे.”

शेखरला हे ठाऊकच नव्हतं. आईला बोट लागते, ही गोष्ट त्याला इतक्या वर्षांत कळायचं कारणच पडलं नव्हतं. त्या जहाजावर घसरगुंड्या किती हे मात्र त्याला तोंडपाठ होतं.

आता नकाशा काढला गेला. सिॲटलहून निघणारी जहाजं सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. तिथे लाटा थेट महासागरावरून येतात आणि पहिला पूर्ण दिवस त्या पाण्यात जातो. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधल्या चिंचोळ्या, आडोशाच्या पाण्याने जातात. दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने पाणी बहुतांशी खाडीसारखं शांत असतं. सगळीकडे नाही, मधे काही ठिकाणी उघडा समुद्र लागतोच. पण ज्याला बोट लागते त्याच्यासाठी हा फरक भाड्यातल्या सवलतीहून कितीतरी मोठा आहे.

दुसरी गोष्ट कड्याची. “अलास्का क्रूझ” म्हटलं की हिमनदी दिसणारच, असं आपण धरून चालतो. पण कुठली हिमनदी, किती जवळून आणि किती वेळ, हे प्रत्येक जहाजाचं वेगळं असतं. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस, नॉर्वेजियन अशा मोजक्याच कंपन्यांकडे ते परवाने आहेत, आणि त्यांचीही सगळी जहाजं तिथे जात नाहीत. म्हणून कंपनीचं नाव बघून भागत नाही, त्या तारखेच्या त्या फेरीचा मार्ग बघावा लागतो. शेखरने निवडलेल्या जहाजाच्या वेळापत्रकात ग्लेशियर बे नव्हता. माधवीच्या जहाजाच्या मार्गात तो होता, पण तिनेही ते जहाज त्यासाठी निवडलं नव्हतं.

व्हिसाचा अर्ज भरला. बोटांचे ठसे अमेरिकेतच देता आले, मग मंजुरी आली आणि पासपोर्ट शिक्क्यासाठी टपालाने गेले. त्यात जून सरला. बाकी तयारी भराभर झाली. खोली मुद्दाम खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेतली, कारण जहाज तिथे सगळ्यांत कमी हलतं. माईंचं शाकाहारी जेवण आधीच कळवलं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेसवरून, त्या पांढऱ्या शिडांच्या छपराखालून, सगळे निघाले. अमेरिकेत प्रवेशाची तपासणीही तिथेच, चढायच्या आधी, उरकली.

शेखरची तेरा वर्षांची तन्वी पहिले दोन दिवस तोंड फुगवून बसली होती. तिचं दुःख खरं होतं. तिच्या मैत्रिणी त्या घसरगुंड्यांच्या जहाजावर जाऊन आल्या होत्या. ग्लेशियर बे गाठेपर्यंत ती कुणाशी धड बोलली नाही, आणि कुणी तिला आग्रहही केला नाही, हे बरं केलं.

पहिल्या रात्री जहाज सिमूर नॅरोज या अरुंद फटीशी आलं. भरती-ओहोटीचं पाणी तिथून पंधरा नॉट वेगाने वाहू शकतं, म्हणून मोठी जहाजं पाणी थबकायची वेळ साधून ती पार करतात. या फटीच्या मध्यावर पूर्वी पाण्याखाली दोन सुळक्यांचा खडक होता. त्याने शंभरावर माणसांचा जीव घेतला होता. ५ एप्रिल १९५८ रोजी समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, स्फोटकं भरून तो उडवला गेला. अप्पा स्वेटर घालून डेकवर उभे राहिले. जहाजाचा वेग का कमी झाला, इथे किती वाजता पोचलं तर चालतं, उशीर झाला तर पुढचं पाणी कधी, असं त्यांनी एका कर्मचाऱ्याला माधवीमार्फत खोदून खोदून विचारलं. त्या माणसालाही बहुधा असा प्रवासी पहिल्यांदाच भेटला असावा, कारण तो ड्युटी संपल्यावर कागदावर तक्ता काढून घेऊन आला.

ग्लेशियर बेमध्ये सकाळी उद्यानाचे रेंजर जहाजावर चढले. त्यांच्याकडून कळलं, की इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं १७९४ साली इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फ होता. १९१६ पर्यंत तो बर्फ खाडीच्या तोंडापासून शंभरेक किलोमीटर मागे सरला होता. तन्वीचा धाकटा भाऊ ईशान छोट्या रेंजरची वही घेऊन प्रत्येक उत्तर लिहून घेत होता.

दुपारी जहाज मार्जरी हिमनदीपुढे थांबलं आणि हळूहळू जागच्या जागी वळू लागलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसेल. पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच उभी निळसर भिंत. माई शाल घट्ट लपेटून कठड्याशी होत्या. डावीकडचा एक घराएवढा तुकडा सुटा झाला, आधी तो पडताना दिसला, पाणी वर उसळलं आणि मग तोफेसारखा आवाज आला. तन्वीने आजीचा हात धरला आणि म्हणाली, “आजी, अजून एक पडणार बघ, तिथं भेग आहे.” दोघी तिथून तासभर हलल्या नाहीत. पुढचा तुकडा पडायला पाऊण तास लागला.

माईंना सात दिवसांत एकदाच मळमळलं, तेही उघड्या पाण्याच्या पट्ट्यात, तासाभरापुरतं.

आता शेखरच्या ऑफिसातला कुणी मराठी मित्र विचारतो, “कुठली कंपनी घेऊ रे? सिॲटल की व्हँकुव्हर?” तेव्हा तो कंपनीचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, कोण कोण जाणार, कुणाचा पासपोर्ट कुठला, बोट कुणाला लागते, आणि ज्यांच्यासाठी चाललायस त्यांना काय बघायचंय हे विचारलंस का.

यंदा तुमचे आईवडील तिकडे येणार असतील आणि अलास्काचा बेत शिजत असेल, तर ते इथे भारतात असतानाच त्यांच्या कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज करून टाका. जहाज सिॲटलहून सुटणारं असलं तरीही.