कापडाच्या रेघा

घाटकोपरला पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत एका इमारतीतल्या दोघी जणी पहिल्या मजल्यावरच्या बीजींकडे फुलकारी शिकायला जाऊ लागल्या. बीजी मूळच्या पतियाळ्याच्या. आजीनं भरलेला बाग त्यांनी कपाटात जपून ठेवला होता. बाग म्हणजे अशी फुलकारी, की रेशमाखाली मूळ कापड जवळजवळ दिसतच नाही. घरात मुलगा जन्मला की आजीनं ‘वरी दा बाग’ भरायला घ्यायचा आणि त्याच्या लग्नात नव्या सुनेच्या अंगावर घालायचा, अशी तिकडची रीत.

शिकणाऱ्यांपैकी एक काकू. साखळी टाका, गव्हाचा टाका, काश्मिरी टाका, सगळं हातात बसलेलं. महिला मंडळाचं भरतकामाचं बक्षीस त्यांचं ठरलेलंच. दुसरी तळमजल्यावरची सूनबाई. तिची मजल फार तर शर्टाचं बटण लावण्यापर्यंत. दिवाळीत मात्र दारातली ठिपक्यांची रांगोळी तीच काढायची.

बीजींनी दोघींना लाल खद्दराचा एकेक तुकडा आणि पटाची लड दिली. पट म्हणजे पीळ न दिलेलं रेशीम. “कापड उलटं धरा,” त्या म्हणाल्या. फुलकारी मागच्या बाजूनं भरतात. आपल्यासमोर टिंबाएवढा टाका दिसतो, लांब टाका पलीकडे, सुलट बाजूला पडतो. नक्षी आधी काढायची नाही, छापायची नाही. ताण्याबाण्याचे धागे मोजायचे आणि सुई घालायची, बस्स.

काकूंना हा पोरखेळ वाटला. त्यांनी घरी पट्टी आणि कार्बन पेपर काढला, सुबक चौकटी आखल्या, रिंग लावली आणि सुलट बाजूनं भरायला घेतलं. आठवड्यात वीतभर नक्षी झाली. सूनबाई खिडकीपाशी बसून ओठांतल्या ओठांत मोजायची, चुकली की उसवायची. तिची जेमतेम एक चौकट झाली.

बीजींनी दोन्ही कापडं उजेडात धरली. सूनबाईच्या चौकटीत पट एकाच रंगाचा, पण आडव्या टाक्यांची छटा वेगळी आणि उभ्यांची वेगळी. पिळाविना रेशमावर टाक्याची दिशा बदलली की उजेड निराळा पडतो, आणि फुलकारीची सारी श्रीमंती याच्यात असते. काकूंचे टाके मात्र किंचित तिरके गेले होते, चमक मधेच तुटत होती. पट्टीची रेघ सरळ होती, हातमागावरच्या कापडाचा धागा काही तिच्याबरोबर गेला नव्हता. शेजारच्या चौकटींची टोकंही जुळेनात.

“पण बीजी, माझा टाका हिच्यापेक्षा बारीक आहे,” काकू म्हणाल्या.

“टाका छान आहे, पुत्तर. पण कापडाला त्याच्या रेघा असतात. त्या मोजल्याशिवाय तुम्ही तुमच्या मारल्या. ज्याला येतं, तो नव्या कामावर जुनं काम लादतो. हिला येत नव्हतं, म्हणून हिनं आधी कापड बघितलं.”

सूनबाईला येत नव्हतं, हे मला तितकंसं पटत नाही. ठिपके मोजून मोजून तिच्या हाताला निम्मी फुलकारी आलेलीच होती, फक्त ते कोणी भरतकामात धरत नव्हतं.

काकू मानी, पण खऱ्या कारागीर. त्यांनी तिथंच बसून सगळं उसवलं. पिळाचा आधार नसल्यामुळे उसवलेला पट पिंजतो, पुन्हा सुईत ओवण्याजोगा राहत नाही. लड वाया गेली. दुसऱ्या दिवशी नवी लड घेऊन त्या सूनबाईच्या शेजारी बसल्या आणि मोठ्यानं मोजू लागल्या.

बाजारात जॉर्जेटच्या ओढणीवर छापा मारून भरलेली किंवा मशीनवरची फुलकारी मिळते. घालायला ती काही वाईट नाही. शिकायची असेल तर मात्र हातमागाची जाड खादी घ्या, नाहीतर दसुती. धागे नुसत्या डोळ्यांना दिसायला हवेत. पट मिळाला नाही तर सुरुवातीला अँकरचा दोराही चालतो. चमक कमी येईल, पण मोजणी हाताला बसेल.