छातीतील धडधड आणि देवीचा कोप



धम्मदीक्षा घेतली, घरातला देव्हारा उतरला, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. पण मनातली भीती त्याच दिवशी उतरते असे नाही. खराडीच्या एका भगिनीने विचारले, "रात्री छाती धडधडू लागली की सासूबाई म्हणतात, देवी सोडली म्हणून कोप झाला, अंगारा लावून घे. मी काय करू?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

प्रथम हृदय कसे चालते ते पाहा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोक्याची विजेची लहर तेथून उठते. त्याला मोकळे सोडले तर तो मिनिटाला सुमारे 100 ठोके देईल. परंतु मेंदूकडून येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला आवरून धरतो, म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी बहुधा त्याहून संथ असते. दुसरे मज्जातंतू ठोके वाढवतात. भय वाटले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येते आणि छाती धडधडते. नदीकाठाकडून नगर रस्त्याला बस गाठायला झपाझप चालत या, ठोके वाढतील. थोडा वेळ सावलीत बसा, ते उतरतील. यात देवीचा हात कोठे आहे?

कोणी म्हणेल, आतला आत्मा हृदय चालवतो. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. तो रुग्ण काही तासांतच दगावला. पण आज अशा शस्त्रक्रियेनंतर माणसे अनेक वर्षे जगतात. त्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, तरी ते स्वतःच्या लयीने चालते. आणि ज्याला ते मिळाले, तो आपले नाव, आपली माणसे विसरत नाही. मग आत्मा कोणाबरोबर गेला?

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला तो हाच. कारण असेल तर कार्य घडते, कारण गेले की कार्य थांबते. म्हणून कोपाला भिऊ नका, कारण शोधा.

विनाकारण वारंवार धडधड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, भोवळ येत असेल तर क्षणाचाही विलंब नको. अंगाऱ्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. तंबाखूने ठोके वाढतात, ती सोडा. दारू न पिण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांत आहे, ती पाळा. भीतीने धडधड होत असेल तर आनापानसती करा. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. सावकाश सोडलेल्या श्वासाने मन आणि नाडी दोन्ही निवतात.

आणि भगिनी, सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, ती मैत्रीनेच जाईल. त्यांना जवळ बसव, त्यांची बोटे तुझ्या मनगटावर ठेव आणि दोघी मिळून शांतपणे श्वास घ्या. ठोके कसे उतरतात ते त्यांना स्वतःच्या बोटांनी कळू दे. येऊन पाहा, असे सांगणारा आपला धम्म आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!