दोरी आणि ब्रेक

‘मी काय, नुसती कळसूत्री बाहुली!’ असं म्हणायची आमच्याकडं सवयच पडलीय. ग्रामपंचायतीचा मेंबर म्हणतो, सोसायटीचा कारकून म्हणतो. एकदा वरनं हुकूम आला म्हटलं की आपण मोकळे.

खरी कळसूत्री बाहुली कशी असते? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपलाय. तिथल्या परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. लाकडी बाहुलीचे सांधे सुटे असतात. दोरी ओढली की हात उठतो, सैल सोडली की पडतो. तिनं रावण होऊन सीता पळवली, तरी पाप तिला लागत नाही. कारण ‘नको’ म्हणायची सोयच तिच्यात नाही.

मोडनिंबला आमच्या शिवारात एकानं भाड्याच्या ट्रॅक्टरनं शेजाऱ्याचा बांध हातभर कोरला. पोरगं ट्रॅक्टरवर होतं. बैठकीत म्हणालं, “मालकानं दावलं तिथं नांगर घातला. माझा काय दोष?” सगळ्यांनी मान हलवली. मला काही ते पटलं नाही.

सप्त्यात कीर्तनकार सांगतात, देव सगळ्यांना यंत्रावर बसवल्यागत फिरवतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तसं आहेच, एकसष्टावा श्लोक. पण दोनच श्लोक पुढं गेलं की तोच देव अर्जुनाला म्हणतो, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. अर्जुन बाहुलीच असता, तर देवानं त्याला असं कशाला सांगितलं असतं?

पोराची अडचण मला कळते. नाही म्हटलं असतं तर भाडं बुडालं असतं, ट्रॅक्टरचा हप्ता थकला असता. पोटाची दोरी फार चिवट असते. म्हणून मालकाइतका दोष मी त्याला देत नाही. मालकाला त्यातनं जमीन मिळणार होती, पोराला फक्त तासांचं भाडं. पण बांध त्याला दिसत होता, आणि पायाखाली ब्रेक होता. बाहुलीला ब्रेक नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की दोष सारखा वाटू नये, पण कुणाच्या वाट्याचा पुसूनही टाकू नये. मालकानं जमीन सोडावी, खर्च भरावा. आणि बांध परत घालायच्या दिवशी त्या पोरानं एक दिवस टिकाव घेऊन हजर राहावं.