निजलेल्याची साक्ष

आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा मनुष्य झोपेत घालवितो आणि त्या हिश्शाविषयी त्याला स्वतःला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. तरीही सकाळी 'झोप कशी लागली?' असे कोणी विचारले, की तो मोठ्या अधिकाराने उत्तर देतो. हा अधिकार त्याला कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटेल. परंतु आमच्यावर असा एक प्रसंग आला, की तो प्रश्न आम्हांस गंभीरपणे विचारात घेणे भाग पडले. आणि तत्त्वज्ञानापेक्षा नीतीशीच त्याचा संबंध अधिक आहे, असे आमच्या प्रत्ययास आले.

वेदान्त्यांचा एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य म्हणतो, मी सुखाने झोपलो होतो, मला काहीच कळले नाही. जे अनुभवले नाही त्याचे स्मरण होणे शक्य नाही. तेव्हा सुषुप्तीतील ते सुख आणि ते अज्ञान पाहणारा कोणी साक्षी असलाच पाहिजे. प्रश्नोपनिषदात तर देहाला नगरीची उपमा देऊन, तेथे सारे निजले असता प्राणरूपी अग्नी तेवढे जागे राहतात, असे सांगितले आहे. तरुणपणी हा विचार आम्हांस अत्यंत रमणीय वाटला होता. प्राणच जागा असल्यावर झोपलेल्याने चिंता कसली करावयाची?

परंतु ज्यास डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात, त्या व्याधीत नेमका हा पहारेकरीच अडखळतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो. रक्तातील प्राणवायू उतरू लागला, की मेंदू दचकतो, क्षणभर जागृती येते, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास सुटतो आणि मनुष्य पुन्हा झोपी जातो. तासाला असे प्रसंग पाचांपेक्षा कमी असल्यास ते स्वाभाविक समजतात. पंधरांपासून व्याधी मध्यम आणि तिसांपासून तीव्र मानतात. रक्तदाब, हृदयविकार आणि दिवसा येणारी अनावर पेंग ही तिची अपत्ये होत. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच व्याधीचे नाव सांगितले होते. आणि आश्चर्य हे, की रात्रभरात शेकडो वेळा गुदमरलेला हाच मनुष्य सकाळी निःशंकपणे म्हणतो, मी सुखाने झोपलो होतो. त्याची साक्ष प्रामाणिक असते, पण ती खोटी असते.

पूर्वी वऱ्हाडात ही साक्ष खोटी पाडणारे पुष्कळ लोक असत. अकोल्याचा पारा वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. तशा दिवसांत सारे घर अंगणात किंवा गच्चीवर बाजा टाकून निजत असे आणि कोण कसा घोरतो हे चार घरांस ठाऊक असे. अर्थात त्याचा उपयोग थट्टेपलीकडे होत नसे. घोरणाऱ्यास कुंभकर्ण म्हणावे, त्याची झोप गाढ आहे असे समजावे आणि कूस बदलून आपण निजावे, एवढेच शास्त्र तेव्हा उपलब्ध होते. पुढे कूलर आले, खोल्यांची दारे बंद झाली आणि निजलेल्याच्या श्वासाचा साक्षीदार एकच उरला, तो म्हणजे शेजारी निजणारे माणूस.

आमच्या घरी हे माणूस अकरा वर्षे आम्हांस सांगत होते, की तुमचा श्वास मध्येच थांबतो. आम्ही ते कधी हसण्यावारी नेले, कधी त्यावर रागावलो. एकदा अकोल्याहून अमरावतीस मोटारीने येत असता मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचा डोळा लागला आणि कुटुंबाने दंड धरून हलविले म्हणून आम्ही वाचलो; त्याचे खापरही आम्ही दुपारच्या जेवणावर फोडले. पुढे मुलाने पुण्याहून एक मनगटी घड्याळ पाठविले. महिन्याभराने त्यावर सूचना उमटली, की आपल्या झोपेत श्वासोच्छ्वासाचा व्यत्यय आढळतो, वैद्यकीय सल्ला घ्यावा. आठ दिवसांच्या आत आम्ही डॉक्टरांपुढे बसलो होतो. अंगाला तारा लावून एक रात्र निजविण्यात आले आणि सकाळी आकडा कळला, तासाला चौतीस. त्या दिवशी घरी आल्यावर कुटुंब एवढेच म्हणाले, "मी अकरा वर्षं तेच त सांगून राहिली होती. घड्याळाचं पटलं तुम्हाले, माहं नाही पटलं."

या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आपल्या शास्त्रकारांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला आप्तवाक्यही प्रमाण मानले. आप्त म्हणजे ज्याचा शब्द विश्वसनीय तो. आणि मराठीत आप्त म्हणजे आपल्या घरचे माणूस. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात याचा आम्हांस अभिमान वाटे. परंतु प्रसंग आला तेव्हा घरचा आप्त बाजूला राहिला आणि परके यंत्र आप्त ठरले.

यावर कोणी म्हणेल, यंत्र निःपक्षपाती असते, त्यात राग-लोभ नाही. हे खरे, परंतु निःपक्षपातीपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. ॲपल आणि सॅमसंग या कंपन्यांच्या घड्याळांस अशी सूचना देण्याची अनुमती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ साली दिली. एकीचे घड्याळ मनगटाच्या सूक्ष्म हालचालींवरून तीस दिवसांचा हिशेब मांडते. दुसरीचे रक्तातील प्राणवायूची पातळी दोन रात्री तपासते. दोन्ही केवळ इशारा देतात, निदान करीत नाहीत. आणि इशारा आला नाही म्हणून व्याधी नाही असे समजू नये, हेही त्यांच्यासोबत सांगितलेले असते. उलट शेजारी निजलेले माणूस मनगटावरून अंदाज बांधीत नाही. ते श्वास थांबलेला ऐकते आणि तो परत येईपर्यंत आपलाही श्वास धरून बसते.

मग आम्ही घड्याळाचे का ऐकले? आम्हांस वाटते, याचे कारण बुद्धीचे नसून अहंकाराचे आहे. घड्याळाचे म्हणणे मान्य केल्याने आपण कोणाचे ऋणी होत नाही. घरच्या माणसाचे म्हणणे मान्य करावयाचे, तर त्याबरोबर दुसरी गोष्टही मान्य करावी लागते: आपण निजलो होतो तेव्हा ते जागे होते आणि अशा हजारो रात्री आपण त्याच्याकडून फुकट घेतल्या. तो हिशेब टाळण्यासाठी आम्ही ती साक्षच अग्राह्य ठरविली होती.

तथापि घड्याळाची निंदा करणे हा कृतघ्नपणा होईल. ज्यांच्या शेजारी कोणीच निजत नाही, अशा विधुर-विधवांची, वसतिगृहातील विद्यार्थ्यांची, परगावी एकट्या राहणाऱ्या नोकरदारांची साक्ष कोण देणार? त्यांच्यासाठी हे यंत्र खरोखरच आप्ताचे काम करते. आमची तक्रार यंत्राविषयी नाही. जेथे आप्त होते तेथेही आम्हांस यंत्राची गरज पडली, याविषयी आहे.

आता उपचाराविषयी. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली दाखवून दिले, की नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडली असता मिटणारी वाट उघडी राहते. त्याच तत्त्वावरील लहानसे यंत्र हल्ली आमच्या उशाशी असते. नाकावर मुखवटा, त्यास नळी, डोक्यामागून पट्टे. पहिले पंधरा दिवस आम्ही तो मध्यरात्री काढून फेकीत असू. उन्हाळ्यात पट्ट्यांखाली घाम येतो, वीज गेली की हवा थांबते आणि आम्ही दचकून उठतो; म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. प्रवासास निघताना कपड्यांआधी यंत्र बांधावे लागते. हे यंत्र व्याधी बरी करीत नाही. ज्या रात्री ते लावले नाही, त्या रात्री व्याधी जागच्या जागी असते. शिवाय यंत्रावरही आंधळा विश्वास चालत नाही. जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आतील फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या भीतीने अशी लाखो यंत्रे परत मागविली होती.

असे परावलंबी जिणे मानहानीचे नव्हे काय, असे आम्हांस एका स्नेह्याने विचारले. चष्म्याविषयी असा प्रश्न कोणी विचारीत नाही, एवढे उत्तर पुरे झाले असते. परंतु खरे उत्तर निराळे आहे. आम्ही पूर्वीही परावलंबीच होतो; फक्त ज्याच्यावर अवलंबून होतो त्याचे नाव घेत नव्हतो.

शिवाय हा प्रश्न केवळ एका घराचाही नाही. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर एकपदरी हिशेबाने पंचाहत्तर किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड करून गिनीज बुकात विक्रम नोंदविला गेला. त्या कामावरील मजूर पाळीपाळीने निजले, म्हणून रस्ता अहोरात्र पुढे सरकला. त्याच रस्त्यावर रात्रभर निजूनही न निजलेला मनुष्य चाक धरून बसतो, तेव्हा समोरून येणाऱ्या अनोळखी प्रवाशाचा जीव त्याच्या झोपेशी बांधलेला असतो. अशा मनुष्याने इशारा मिळूनही तपासणी टाळावी, हा केवळ आळस नव्हे, तो परक्याचा अपराध होय. आम्ही तो अकरा वर्षे केला आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याचे फळ कोणास भोगावे लागले नाही, हे आमचे पुण्य नव्हे.

हल्ली आमच्या कुटुंबास शांत झोप लागते. मुखवट्याचा मंद आवाज आता त्रास देत नाही, उलट तो ऐकू आला नाही तरच जाग येते, असे ते म्हणते. वेदान्त्यांचा युक्तिवाद यामुळे खोटा ठरला असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा साक्षी फार खोल आहे आणि त्याच्यापर्यंत आमची मजल नाही. पण एवढे खरे, की आमच्या सुषुप्तीचा साक्षी आम्ही ग्रंथांत धुंडाळीत असता तो शेजारच्या पलंगावर उठून बसलेला होता, आणि त्याने सांगितलेले ऐकण्यास कोणतेही घड्याळ लागत नव्हते.