प्रमाद आणि चूक : डॉक्टरची जबाबदारी कोठे सुरू होते?

रोगी दगावला की आपल्याकडे दोन प्रकारची भाषा ऐकावयास मिळते. एक म्हणते, "डॉक्टर देवमाणूस. त्याने आपल्या परीने केले, पण आयुष्याची दोरीच तुटली होती, त्याला कोण काय करणार?" दुसरी म्हणते, "डॉक्टरनेच मारले, फोडा दवाखाना." वरवर पाहता या दोन्ही भाषा परस्परविरोधी वाटतात. परंतु नेमके काय घडले याची चौकशी दोघींनाही करावयाची नसते. एक चौकशीच्या आधी क्षमा करून मोकळी होते, दुसरी चौकशीच्या आधी शिक्षा देऊन मोकळी होते.

पहिल्या भाषेविषयी आपण विशेष सावध राहिले पाहिजे. रोग्याचे मरण त्याच्या पूर्वसंचितावर टाकले की जिवंत माणसांपैकी कोणालाच जाब विचारता येत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा केली आहे. गोरगरिबांच्या दुरवस्थेची जबाबदारी समाजाच्या आणि राज्याच्या अंगावरून झटकून टाकण्याची ती युक्ती आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दवाखान्याच्या दारात "नशिबात नव्हते" असे म्हणणारा माणूस नकळत तीच युक्ती वापरीत असतो.

परंतु म्हणून दुसरी भाषा बरोबर ठरते काय? येथे खरा नैतिक प्रश्न उपस्थित होतो. डॉक्टरच्या मनात रोग्याला मारण्याचा हेतू नव्हता, ही गोष्ट बहुतेक प्रसंगी खरी असते. भगवान बुद्धांनी तर चेतनेलाच कर्म म्हटले आहे. मग ज्याच्या मनात दुष्ट चेतना नव्हती, त्याला दोषी कसे ठरवावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. दर रविवारी विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातील पाचव्या शीलात 'पमादट्ठाना' असा शब्द आहे. मद्य वर्ज्य का? तर ते प्रमादाचे, म्हणजे गाफीलपणाचे ठिकाण आहे म्हणून. दारू पिणाऱ्याच्या मनात कोणाचे वाईट करावयाचे असतेच असे नाही. तरीही धम्म त्याला निर्दोष म्हणत नाही, कारण आपली जागरूकता गमावण्याची निवड त्याने स्वतःच केलेली असते. सावध राहणे ज्याच्या हातात होते आणि दुसऱ्याचा जीव ज्याच्या सावधपणावर अवलंबून होता, त्याला "माझा हेतू चांगला होता" एवढे सांगून सुटता येत नाही. कायदा ज्याला निष्काळजीपणा म्हणतो, त्यालाच धम्माच्या भाषेत प्रमाद म्हणतात.

आता हा विचार न्यायालयात कसा उतरला ते पाहू. आपल्या देशातील वैद्यकीय निष्काळजीपणाचा पायाभूत खटला महाराष्ट्रातलाच आहे. मे १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या समुद्रकिनारी एका विशीतल्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास एका नामांकित शल्यवैद्याकडे आणण्यात आले. तेथे पुरेशी भूल न देता, मदतनिसांकरवी जोर लावून पाय ओढण्यात आला आणि हाड बसविण्याचा प्रयत्न झाला. त्याच रात्री तो तरुण गेला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरला जबाबदार धरून ३,००० रुपयांची नुकसानभरपाई कायम केली. त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली आहेत. रोगी हाती घ्यावयाचा की नाही हे काळजीपूर्वक ठरविणे, कोणता उपचार द्यावयाचा हे काळजीपूर्वक ठरविणे आणि तो उपचार काळजीपूर्वक देणे. डॉक्टरने अलौकिक कौशल्य दाखवावे अशी न्यायालयाची अपेक्षा नाही. त्या व्यवसायातील माणसाकडे जे वाजवी ज्ञान आणि जी वाजवी दक्षता असावयास हवी, तेवढीच अपेक्षा आहे.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मृत तरुणाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनाही अखेरचा निकाल मिळण्यास पंधरा वर्षे लागली. जेथे शिकलेल्या डॉक्टर बापाची ही कथा, तेथे वीटभट्टीवरच्या मजुराने काय करावे?

तथापि प्रत्येक अपयश म्हणजे प्रमाद नव्हे. रोग गुंतागुंतीचा असतो, शरीर कधी अनपेक्षित वळण घेते आणि दोन जाणकार डॉक्टर एकाच रोग्याविषयी दोन मते देऊ शकतात. पुरेसा विचार करून घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला, तर ती चूक होय, गुन्हा नव्हे. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा स्पष्ट केली. लुधियानातील एका इस्पितळात श्वासाचा त्रास होणाऱ्या वृद्ध रोग्यासाठी आणलेला प्राणवायूचा नळकांडा रिकामा निघाला आणि रोगी दगावला. इस्पितळावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकेल, परंतु डॉक्टरवर फौजदारी खटला चालविण्यास घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि डॉक्टरवरील खटला रद्द केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्येही निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास साधारणतः पाच वर्षांपर्यंत, तर नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. ही सवलत पाहून काही जण रागावतात. परंतु तुरुंगाच्या भीतीने हात कापणारा सर्जन गंभीर रोग्याला हातच लावणार नाही आणि त्याची झळ सर्वांत आधी गरिबालाच लागेल, हेही विसरता कामा नये.

येथे त्या तीन कर्तव्यांपैकी पहिल्याकडे परत वळले पाहिजे. रोगी हाती घ्यावयाचा की नाही, हे डॉक्टर कशावरून ठरवितो? आमच्या समाजाच्या इतिहासात सारा प्रश्न येथेच अडलेला आहे. बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ सालचे पत्र दिले आहे. त्याची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येण्यास तयार नव्हता. मिनतवारीनंतर तो आला, परंतु बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावयास लावले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला आणि नवऱ्याने पत्नीला लावला. परत येतानाही तो त्याच क्रमाने आला. डॉक्टरने न शिवताच न्यूमोनियाचे निदान केले. ती बाई वाचली नाही.

या डॉक्टरने फी घेतली, निदान केले, औषधही दिले. कागदावर त्याचे सारे काम पूर्ण होते. त्या काळच्या समाजाचा नियमही त्याने मोडला नाही, उलट काटेकोरपणे पाळला! परंतु ज्या विद्येत हाताने तपासणे हीच पहिली पायरी, त्या विद्येशी त्याने द्रोह केला.

आज असे करणे गुन्हा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक दवाखान्यात प्रवेश नाकारणे, तसेच प्रवेश दिल्यावर भेदभाव करणे शिक्षापात्र ठरविले आहे. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्या माणसाला एका इस्पितळाने "ही पोलीस केस आहे" म्हणून सुमारे वीस किलोमीटर दूर धाडले आणि तो वाटेतच मेला. न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविण्याचा प्रयत्न हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्यानंतरचे. तेव्हा "आधी अनामत भरा, मग बघू" हे शब्द मरणाच्या दारातील रोग्याला ऐकविणारा दवाखाना राज्यघटनेच्या २१ व्या कलमाच्या विरुद्ध वागत असतो.

दुसरा प्रश्न संमतीचा. आपली माणसे कागदावर अंगठा उठवितात, त्यात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अशा एका स्त्रीचे प्रकरण आले की, जिने फक्त तपासणीपुरती संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. प्रौढ आणि समजदार व्यक्तीच्या शरीराविषयी, जीव तत्काळ धोक्यात नसताना, दुसऱ्या कोणी संमती देऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. उपचार कोणता, धोका कोणता, दुसरा मार्ग आहे काय, हे समजावून दिल्यावर जी मिळते तीच संमती. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे समजावून सांगण्याचे हे कर्तव्य केवळ शहरी बाईच्या सोयीचे नाही हे पटेल.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जबाबदारी कोणाप्रत? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. हे चांगलेच झाले. ज्या दवाखान्यात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत तपासतात, तेथील मोफत रोगीही ग्राहक ठरला. परंतु जेथे सर्वांनाच सेवा मोफत, तेथील रोगी मात्र ग्राहक नव्हे! म्हणजे संपूर्ण मोफत सरकारी दवाखान्यावर ज्याची सारी भिस्त, त्यालाच ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद. त्याला दिवाणी न्यायालयाची किंवा उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी इस्पितळात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, पोटात कापडी बोळा राहिला आणि ती मेली. सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनास जबाबदार धरले ते फेब्रुवारी १९९६ मध्ये, बत्तीस वर्षांनंतर.

फी दिली तरच जबाबदारी निर्माण होते काय? विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवंतांनी त्याला विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? त्याने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः न्हाऊ घातले, उचलून खाटेवर निजविले आणि नंतर संघाला बोलावून रोग्याची सेवा करण्याचा दंडक घालून दिला. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य आणि अपथ्य कळावे, घाणीची किळस वाटू नये, रोग्याला धीर देता यावा आणि लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने त्याने सेवा करावी. मोफत रोग्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याचे कारण आणि त्या भिक्खूंचे कारण यांत कोणता फरक आहे? दोघांचाही हिशेब एकच, की हा माणूस माझ्या उपयोगाचा नाही. धम्माने तो हिशेबच नाकारला. रोग्याची गरज हाच त्याचा हक्क होय.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतील भेद दाखविला आहे. नियम सवयीने पाळला जातो, तत्त्व माणसाला विचार करावयास लावते, आणि जेथे विचार तेथेच जबाबदारी. हा भेद डॉक्टरांनाही लागू पडतो. कायद्याचा नियम म्हणून संमतिपत्र भरून घेणारा डॉक्टर सही मिळताच निर्धास्त होतो. तत्त्व मानणारा डॉक्टर समोरच्या बाईला समजले की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. पहिला स्वतःला वाचविण्यासाठी दहा अनावश्यक तपासण्या लिहून देतो आणि मजुराचा आठवड्याचा पगार त्यात जातो. दुसरा आवश्यक तेवढ्याच लिहितो आणि त्या का लिहिल्या हे सांगतो.

आपल्या समाजातून आज अनेक मुले-मुली डॉक्टर होत आहेत. ज्या समाजाला काल कोणी शिवत नव्हते, त्याची लेकरे आज नाडी पाहतात, ही बाबासाहेबांची पुण्याई होय. त्यांच्याकडून समाजाची अपेक्षा इतरांपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे. आणि रोग्यांनी, त्यांच्या नातेवाइकांनीही आपली बाजू नीट शिकून घ्यावी. २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार दाखल रोग्याची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती लेखी मागावीत. धर्मादाय इस्पितळांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हे दाखल होतानाच विचारावे. तक्रार असल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करावी. मात्र दगड उचलू नये. २०१० च्या राज्य कायद्याने डॉक्टरवरील हल्ल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय ज्या हातात दगड असतो त्या हाताला कागद मागता येत नाही आणि खरा दोषी त्या गोंधळात निसटून जातो.

प्रत्येक वस्तीतील विहारात निदान एक तरी कार्यकर्ता असा तयार व्हावा, की जो रोग्याबरोबर दवाखान्यात जाईल, संमतिपत्र वाचून दाखवील, डॉक्टरला नम्रपणे पण न घाबरता प्रश्न विचारील आणि गरज पडल्यास अर्ज लिहून देईल. आजाऱ्याची सेवा करण्याच्या भगवंतांच्या दंडकात हे कामही येते.